देवीचं काळीज आणि रबरी पडदा

“धडधडतंय! खरंच धडधडतंय!”

गिरीज गावातल्या देवीच्या मंडपात दगडी मूर्तीच्या छातीला कान लावायला लोक एकमेकांना ढकलत होते. मूर्तीच्या मुखातून पाणीही त्याच ठोक्यावर उसळत होतं. मंडप चालवणाऱ्या झरेबाबांनी मुखावर अंगठा ठेवला. “आई, थांब!” धडधड थांबली. अंगठा काढला. “आई, चल!” पुन्हा ठोके सुरू.

“आईचं काळीज पाताळातलं पाणी उपसतंय,” बाबा गरजले. “विज्ञानाला काळीज असतं का, विचारा!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत माझे विद्यार्थीही होते. मी वसईच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. पंपाचा धडा दर वर्षी शिकवते. कशासाठी, हे मला त्या दिवशी कळेनासं झालं.

ही २००३ सालची गोष्ट. गणपतीच्या सुमाराला याच मुखातून पाणी जोरात, झटक्याझटक्याने येई. मग त्यावर तेलाचा तवंग दिसू लागला. लोकांनी तो ‘देवीचं तेल’ म्हणून गुडघ्यांना चोळला. पुढे पाणीच आटलं. “आई रुसली,” बाबा म्हणाले. काही दिवसांनी आई परतली ती या मऊ धडधडीसह, आणि गर्दी दुप्पट झाली.

मला घाई होती ती सुशीलावहिनीची. सातवा महिना, आणि डोळे हळदीसारखे पिवळे. डॉक्टर इझाबेल यांनी बजावलं होतं, “कावीळ आहे. गरोदरपणात ती जीव घेते. आजच्या आज दाखल करा.” पण तिचा नवरा, माझा भाऊ शंकरदादा, तीर्थाचा लोटा भरून घ्यायला रांगेत उभा.

“दादा, आधी हॉस्पिटल!”

“मनू, पिवळेपणा उतरतोय असं बाबा म्हणाले.”

“बाबांनी तिला बघितलंय का?”

तो रांगेत एक पाऊल पुढे सरकला.

मूर्तीसमोरच्या कुंडात लोक पाय धूत, अक्षता आणि कुंकू टाकत. कुंड कधी भरून वाहत नसे. मी पर्समधून कपड्यांच्या निळीची पुडी काढली. “दादा, तुझ्यासमोर कुंडात टाकतेय. आता देवीकडे बघ.”

थोड्याच वेळात देवीच्या मुखातून निळं पाणी उसळलं.

“नीळकंठी रूप!” बाबांनी हात उंचावले. “आई तुमचं विष प्यायली!”

आणि अख्खा मंडप गुडघ्यांवर! मी कपाळावर हात मारून घेतला. “अहो, नीळ आहे ती! मी टाकलीय!” कोण ऐकतंय? बाबांच्या दोघा सेवकांनी मला दंडाला धरून बाहेर काढायला सुरुवात केली.

दादा मात्र लोट्यातल्या निळ्या पाण्याकडे बघत राहिला होता. एकाएकी त्याने लोटा आपटला, मूर्तीमागे धावला आणि फळी उचकटली. आत एक पंप धडधडत होता. त्याची एक नळी कुंडाच्या तळातून येत होती, दुसरी मूर्तीत शिरत होती, आणि हवेची तिसरी शेजारच्या टायरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरकडे गेली होती. कोपऱ्यात जुना, गंजका पंप पडला होता.

मी दंड सोडवून तिकडे धावले आणि सगळ्यांना ओरडूनच सांगितलं, “दोन्ही पंपांचं काम एकच. आतली जागा वाढली की पाणी आत येतं, घटली की बाहेर जातं, आणि झडपा ते मागे फिरू देत नाहीत. या जुन्यात नळकांड्याला घासत सरकणारा दट्ट्या आहे. तो दाब मोठा देतो, पण तुमच्या अक्षतांनी आणि वाळूने त्याची सील खरवडली. वंगण पाण्यात उतरलं, तेच देवीचं तेल! नव्यात घासणारं काही नाही. हवा रबरी पडद्याला मागेपुढे ढकलते, म्हणून गाळही चालतो. आणि मुख दाबलं की पाण्याचा दाब हवेच्या दाबाइतका होतो, पडदा थबकतो. बाबांचं ऐकून नव्हे! आणि हे पाताळातलं पाणी नाही. तुम्ही पाय धुतलेलं पाणी आहे. तेच तुम्ही पिताय, तेच वहिनीला पाजलंत!”

तोवर बाबा पसार झाले होते.

दादाने रिक्षा केली. वहिनी वाचली. बाळ वाचलं नाही.

महिन्याभराने बाजारात एक शेजारीण भेटली. म्हणाली, “पण मनोरमाबाई, पंप बसवायची बुद्धी बाबांना आईनेच दिली ना?”

मला रडू आलं, रागाने. देवाला नमस्कार करा, मी आड येणार नाही. पण कुणी औषध सोडून पाणी प्यायला सांगितलं, तर ते कुठून येतं एवढं विचारा. विचारल्याने कोपतो तो देव नसतो. त्याच्या मागची फळी उचकटून बघा, आणि वेळेत बघा.