भिंतीला आलेलं नाक

तुमचे आजोबा सुतार. नजर अशी, की एकदा चंद्राची कोर बघून म्हणाले, "डावीकडे जरा जास्तच तासलीय." खोटं वाटतं? बरं, वाटू दे.

तर आपल्या घराच्या पुढच्या भिंतीला गवंड्यानं नवा गिलावा केला. आजोबांनी फाटकातूनच पाहिलं आणि म्हणाले, "भिंतीला पोट आलंय."

तो मेला भर गल्लीत हसला. "आजोबा, भिंत सरळ आहे, तुमची नजर गेलीय. आता रंधा ठेवा आणि काठी घ्या!"

त्याच्याबरोबर सगळी गल्ली हसली. दिवसाउजेडी भिंत दिसायचीच मुळी गुळगुळीत. आजोबांनी हत्यारं पोत्यात बांधली. अंगणात बसणं सोडलं. ते पोतं बघितलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. म्हटलं, थांब गवंड्या, तुझी भिंतच तुझ्याविरुद्ध साक्ष देईल.

वायरमनला बोलावलं. म्हटलं, "रात्री घर उठून दिसायला हवं."

"दिवे झाडांत लपवू, आजी. भिंतीपासून चार हात लांब. उजेड मऊ पडतो."

"आणि भिंतीच्या पायाशी लावले तर?"

"छे छे! उजेड खालून घासत वर गेला, की भिंतीचा एकूण एक उंचवटा सावली टाकतो."

"मग पायाशीच लाव बाबा. अगदी चिकटवून."

संध्याकाळी बटण दाबलं आणि काय सांगू! भिंतीवर डोंगर उठले, दऱ्या पडल्या. खिडकीखाली सुटलेलं पोट, आणि त्याच्या वर हे एवढं नाक. हुबेहूब गवंड्याचं! त्याची सावली छपरापर्यंत. एक घुबड फांदी समजून तिच्यावर बसायला गेलं आणि दाणकन आपटलं.

गल्ली लोटली. नेमका गवंडी नव्या गिऱ्हाइकाला काम दाखवायला घेऊन आला. गिऱ्हाइकानं एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा त्याच्या तोंडाकडे, आणि चालू लागलं.

"आजी, दिवे बंद करा हो!"

"का रे? भिंत सरळ आहे ना? आमची नजर गेलीय, म्हणून तर दिवे लावले."

आठ संध्याकाळी दिवे लावले. नवव्या दिवशी तो थापी आणि घमेलं घेऊन दारात हजर.

मी म्हटलं, "मला नको सांगूस. ज्यांची नजर गेलीय त्यांना विचार."

गेला आत. मान खाली घालून म्हणाला, "आजोबा, चुकलो. भिंत कुठं कुठं वाकडी आहे, तुम्हीच दाखवा."

आजोबांनी पोत्याची गाठ सोडली, भिंतीचा सरळपणा बघायचा ओळंबा काढला, अंगणात खुर्ची टाकली. मग दिवसभर एकच: "इथं खरवड. अजून. एक केस उजवीकडे." गवंड्याच्या घामानं अंगणात डबकं साचलं, त्यात बदकं पोहून गेली.

संध्याकाळपर्यंत भिंत पाण्यासारखी सपाट झाली. फक्त नाकाला मी थापी लावू दिली नाही.

"आजी, एवढं तरी..."

"राहू दे रे. दिव्यांना काहीतरी बघायला नको?"

आजोबा अजून रोज त्याच नाकासमोर बसून चहा पितात.