पूजेत ठेवलेला पाना

मी एक जुना पाना आहे. आधीच सांगून ठेवतो मित्रांनो, मला गोड गोड बोलता येत नाही. पोलादाची जात माझी. माझ्या तोंडात एकाच मापाचा नट बसतो. दुसरा बसवायला गेलात तर तुमची बोटं सोलून निघतील आणि वर मीच वाईट ठरेन.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. लढाईच्या काळात एका लष्करी पिकअप गाडीच्या सीटखाली मला ठेवलं आणि लढाई संपल्यावर गाडीबरोबर माझाही लिलाव झाला. फिरत फिरत आम्ही दोघं कोल्हापुरात जोतीरामच्या दारात आलो. जोतीराम वाळू, विटा, सुताची गाठोडी, मिळेल ते भाडं मारायचा. गाडीला मात्र परक्याचा हात लावू द्यायचा नाही. "माझी गाडी, माझा हात," म्हणायचा. जॅक लावायचा, चाकांखाली लाकडी ठोकळे सारायचा आणि पाठीवर सरपटत गाडीखाली शिरायचा. मग आतून हाक यायची, "पाना दे की गं!" ती हाक त्याच्या बायकोला, चिमणाबाईला असायची. तीच मला उचलून त्याच्या हातात द्यायची. कौतुकाचे दिवस होते ते. मला रोज पुसून तेलाचा हात मिळायचा.

आता जरा लक्ष द्या, म्हणजे पुढचं समजेल. गाडीच्या मागच्या चाकांवर पोलादाच्या जाड पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात. त्यांना पाटे म्हणतात. खड्ड्यांचे दणके ते सोसतात. हे पाटे चाकांच्या आसाला आवळून धरायला यू-बोल्ट असतात, आणि त्या यू-बोल्टचे नट घट्ट करणं हे माझं काम. आमच्या गाडीचं माप लष्करी होतं. त्या नटांना बसणारा पाना आख्ख्या पेठेत मी एकटाच.

कोयनेच्या भूकंपानंतरच्या वर्षातली गोष्ट. नवरात्रात डाव्या बाजूचा एक पाटा मोडला. जोतीरामनं नवा पाटा दिलदारकडून करून घेतला. दिलदार पाट्यांना बाक देणारा कसबी माणूस, त्याची भट्टी दोन गल्ल्या सोडून होती. पाटा हातात देताना त्यानं बजावलं, "जोतीराम, नवा पाटा हाय. पयला लोड झाला की बसतोय त्यो, आन् यू-बोल्ट ढिलं पडत्यात. परत आवळल्याबिगर गाडी न्यायची न्हाय. ऐकतोयस न्हवं?"

"व्हय, व्हय," जोतीराम म्हणाला.

अष्टमीला त्यानं पाटा बसवला आणि दुपारी पंचगंगेची ओली वाळू भरून खेप केली. संध्याकाळी गाडीखाली वाकून यू-बोल्ट हातानं हलवून बघितला. हलला. मी त्याच्या शेजारीच पडलो होतो. दोन मिनिटांचं काम होतं हो! पण अंग दुखत होतं त्याचं. "सकाळी आवळू," म्हणाला आणि मला दारात ठेवून आत गेला. तिथंच माशी शिंकली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. जोतीरामच्या आईला आख्खी गल्ली, तो स्वतःसुद्धा, आक्का म्हणायची. ती पहाटे उठली. चिंचेनं घासून, धुऊन तिनं आम्हा सगळ्या हत्यारांना पाटावर मांडलं. हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. एकदा पूजा झाली की दसऱ्याला सोनं लुटेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, हा त्या घरचा नेम. गाडीला नारळ फोडला की ती चालवलेली चाले, पण हत्यार उचलणं म्हणजे पाप. आक्काला उगीच हसू नका. तिचा नवरा सुतार होता. एका खंडेनवमीला त्यानं पूजेतली तासणी उचलली, ती पायावर बसली आणि धनुर्वातानं तो गेला. तेव्हापासून ती बाई या दिवशी हत्यारावरची नजर काढत नसे.

सकाळी गल्लीतल्या बायका जोतिबाच्या डोंगरावर निघाल्या होत्या. गाडीत चौदाजणी. चिमणाबाई मागच्या फळीपाशी बसली होती. जोतीराम देवघरापाशी आला आणि चाचरत म्हणाला, "आक्का, त्यो पाना जरा..."

"दसऱ्याला घे."

"जरा काम हुतं."

"काम दसऱ्याला कर म्हनलं न्हवं?"

कसलं काम, ते त्यानं सांगितलं नाही. तिनं विचारलं नाही. बाहेरून बायका ओरडत होत्या, "आवो, ऊन चढाय लागलंय!" जोतीराम माझ्याकडे बघत क्षणभर उभा राहिला. वाटलं, आता बोलेल. मित्रांनो, मला तोंड आहे, पण ते नट धरायला. मनातल्या मनात मी गळा काढून ओरडत होतो. त्यानं चप्पल घातली. गाडी सुरू झाली आणि गल्लीच्या वळणावर डाव्या बाजूनं खट्ट असा आवाज आला. घरात त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. मी मात्र ओळखला.

मग नुसतं बसणं आलं. उदबत्ती जळत होती. कपाळी कुंकू, गळ्यात फूल, आणि जीव टांगणीला. अशी पूजा वैऱ्याचीसुद्धा होऊ नये.

दहाच्या सुमाराला दिलदार आला. दर खंडेनवमीला तो आक्काच्या हातचं जेवायला यायचा. दारात गाडी नाही हे बघून त्यानं विचारलं, "यू-बोल्ट आवळलं का त्येनं?"

"मला काय ठावं? चौदा बायका घिऊन डोंगरावर गेलाय. पाना तर पूजेत हाय."

दिलदारचा चेहरा उतरला. "पूजेत? आक्का, त्यो पाना द्या हिकडं. गाडीचं चाक जाग्यावरनं सरकंल, घाट हाय त्यो!"

"आज उचलत न्हाईत, दिलदार. माझं कुक्कू गेलंय ह्यापायी."

"माझ्याबी ऐरणीवर आज झेंडू हाय, आक्का. मला कळत न्हाय व्हय? पर चौदा बायका हायत गाडीत. तुमची सून हाय!"

आक्का पाटासमोर बसून राहिली. तिचा हात माझ्यापर्यंत यायचा आणि मागे जायचा. मला तिचा राग आला आणि दयाही आली. बराच वेळ गेला. शेवटी तिनंच मला उचललं. "घिऊन जा," एवढंच म्हणाली.

दिलदार मला घेऊन स्टँडवर पळाला आणि डोंगराची एसटी धरली. माझ्यावर हळदकुंकू बघून शेजारच्या म्हातारीनं मला हात लावून नमस्कार केला. दिलदार खिडकीबाहेर बघत होता. घाट सुरू झाला. तिसऱ्या वळणावर एसटी थांबली. पुढं रस्त्यावर माणसं जमली होती.

दर्शन करून घाट उतरताना गाडीचं डावं चाक मागं सरकलं होतं आणि ती डोंगराच्या बाजूला आडवी झाली होती. दरीच्या बाजूला गेली असती तर सांगायलाही कुणी उरलं नसतं. बायकांना खरचटलं होतं, कुणाचं डोकं फुटलं होतं. चिमणाबाईचा उजवा पाय मात्र फळीखाली सापडला होता. दहाबाराजणांनी गाडी उचलून तिला बाहेर काढलं.

तिला दवाखान्यात नेल्यावर दिलदार गाडीखाली वाकला. दोन नट गळून पडले होते, दोन लोंबत होते. का कोण जाणे, त्यानं मला त्यातल्या एकावर लावलं. मी बरोबर बसलो. बैल गेला आन् झोपा केला!

जोतीराम रस्त्यावर डोकं धरून बसला होता. "दिलदारभाई, ढिलं हायत एवढं मी आक्काला म्हनलोच न्हाय."

चिमणाबाईचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. गाडी भंगारात गेली. मी मागच्या पडवीत एका डब्यात पडलो. गंज चढला. तेलाचा हात गेला तो गेलाच.

पुढच्या खंडेनवमीला आक्कानं हत्यारं मांडली. चिमणाबाई काठी टेकत पडवीत आली, डबा उघडून तिनं मला काढलं आणि म्हणाली, "आत्ती, ह्यो ऱ्हायला की."

आक्कानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "त्येला कुठल्या त्वांडानं कुक्कू लावू गं?" म्हणाली, आणि सुनेच्या तुटक्या पायाशी बसून रडायला लागली.

मित्रांनो, हत्यारांची पूजा जरूर करा. आम्हालाही ती आवडते. पण मला त्या दिवशी फूल नको होतं. मला फक्त चार नट हवे होते.