राखणदाराचं पान

राखणीच्या दिवशी भिकाजीने आठ घरांची नावं घेतली, आणि वाडीत घरं होती नऊ.

हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा अर्धा वडा पोटात गेला होता आणि उरलेला अर्धा सागोतीत बुडून बोटांत अडकला होता.

मिठबावच्या अलीकडे, खाडीच्या काठाला ही वाडी. भात झोडून घरात आला की वाडीतले अकरा बाप्ये आईनाच्या झाडाखाली तीन दगडांची चूल मांडायचे. बायकांनी तिकडे फिरकायचं नाही. त्यांनी घरी वडे तळून पाठवायचे. कोंबा, म्हणजे कोंबडा, कापायचा, त्याची सागोती रटरटायची, आणि पहिलं पान मांडायचं ते राखणदाराचं, झाडाच्या मुळाशी. मग सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि भिकाजीने गाऱ्हाणं घालायचं. गाऱ्हाणं संपेपर्यंत कोणी बोटसुद्धा चाटायचं नाही. कारण जेवण काही आपल्या बापाचं नव्हे. वर्षभर त्याने शेतावर, गुरांवर, दर्यात गेलेल्या माणसांवर नजर ठेवली म्हणून चूल पेटली. तर आधी त्याला ते सांगायचं, एकेका घराचं नाव घेऊन पुढच्या वर्षाची नजर मागायची, आणि मग हात घालायचा.

ज्या घराचं नाव राहिलं त्या घरावर वर्षभर नजर नाही. ही गोष्ट वाडीत पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक होती. भिकाजीच्या आजोबांच्या काळात म्हणे एका घराचं नाव असंच राहिलं, आणि पुढल्या पावसाळ्याआधी ते घर उठलं. आता तिथे नुसता चौथरा आणि घाणेरीचं रान. खरं म्हणजे ती माणसं मुंबईला जाऊन गिरणीत लागली होती आणि परळात चांगली गुटगुटीत झाली होती. पण वाडी सांगायची, "राखणदारान उठवल्यान," आणि त्या चौथऱ्यावरून तिन्हीसांजेला कोणी जायचं नाही.

आता नाव घेणाऱ्याने आपलं घर शेवटी घ्यायचं, ही रीत. यजमान शेवटी जेवतो तशी. भिकाजी आठव्या घरापर्यंत आला, बाबलीच्या. "बाबलीच्या चुलीर, गुराढोरार नजर ठेव रे म्हाराजा!" म्हणून त्याने दम घेतला, आणि नेमका चुलीचा एक दगड सरकला. टोप कलंडला. आचारी होता बाबलीच. त्याने डोळे उघडून बोंब मारली, "सागोती गेली रे!" आणि दहाही तोंडांनी घाईघाईने "व्हय म्हाराजा!" करून टोपाकडे झेप घेतली. बाबलीने टोप छातीशी धरला. त्याची छाती भाजली, सागोती वाचली. वाडीने त्याचं कौतुक केलं आणि त्या भरात सगळे जेवायला बसले. भिकाजीही बसला.

नववं घर त्याचं स्वतःचं होतं.

एकदा घास तोंडात गेला की शब्द बंद. उघडायचे तर नवा कोंबा, नवी चूल, आणि वाडीला सांगता येईल असं कारण. आणि खरं कारण सांगायची सोय नव्हती. जो घर विसरला त्याच्याकडे गाऱ्हाणं राहत नाही. गाऱ्हाणं गेलं की मानाची तंगडी गेली, आणि ती जाणार बाबलीच्या पानात. बाबली अकरा वर्षं त्या तंगडीकडे बघत होता.

शिवाय वाडीतलं एकच माणूस त्या घडीला दर्यात होतं. भिकाजीचा झील, म्हणजे मुलगा, सत्यवान.

मंगळूरहून कौलं भरून शिडाचा पडाव सुटला, असं त्याचं पत्र आलं होतं. आठ दिवसांचा रस्ता. वाटेत गोव्याचा किनारा, तिथे अजून फिरंगी बसलेला. भिकाजीने अर्धा वडा पानावर ठेवला.

"काय रे भिकाजी, तिखाट झाला?" बाबलीने छातीला खोबरेल चोळत विचारलं.

"नाय. बरा आसा."

"मगे तोंड असा कित्या? मेल्या, भाजलंय मी!"

आठ दिवस झाले. दहा झाले. बारा झाले.

भिकाजी घरी जेवायला बसला की पानाभोवती पाणी फिरवायचा आणि भाताची एक मूद परसातल्या पेळेवर, बुटक्या कट्ट्यावर, ठेवायचा. कावळे माडावर बसून बघायचे. वाडीतल्या सगळ्या पेळांवर उतरायचे, याच्या पेळेवर नाही. तेराव्या दिवशी परसातला नारळ आपोआप पडला, तो नेमका त्या मुदीवर. भाताचा लगदा चार हात उडून भिकाजीच्या कपाळावर बसला. दुसऱ्या कोणाला हसू आलं असतं. भिकाजीला वाटलं, कोणीतरी आपल्याला हाक मारली.

"जेवा गप," जानकी म्हणाली. त्याची बायको कमी बोलायची. जे बोलायची ते सोलून बोलायची. "भात थंड होता. झील येतलो. तेच्यासाठी तांबडो कोंबो राखून ठेवलंय मी. तो येयत आणि उपाशी ऱ्हवात की काय?"

"वारो पडलो आसात," भिकाजी म्हणाला.

"मगे तुमी कशाक पडल्यासारखे बसलास?"

चौदाव्या दिवशी मिठबावच्या बाजारात रेडीचा एक माणूस भेटला. त्याने सांगितलं, कौलांचा एक पडाव फिरंग्याच्या हद्दीपाशी दिसला होता, मग दिसेनासा झाला. कुठला पडाव, त्याला माहीत नव्हतं. भिकाजी घरी आला तेव्हा दारात सापाची कात पडली होती, उंबऱ्याला समांतर, कोणी मोजून ठेवल्यासारखी. त्या दिवशी त्याने घास उचलला आणि खाली ठेवला. ज्याच्यावर नजर नाही त्या घरातलं अन्न कोणाचं, हेच त्याला कळेना.

पंधराव्या दिवशी सकाळी त्याने वाडीला सांगितलं, की राखणदार सपनात आला होता.

"काय म्हणालो?" बाबली.

"आणि एक राखण होयी म्हणता."

"एका वर्षात दोन?" बाबलीने डोळे बारीक केले. "आणि सपनात कोंबोच मागल्यान? नारळार भागणा नाय तेचा?"

"कोंबोच. तांबडो."

"कोणाचो?"

"माझो."

यावर वाडीची श्रद्धा एकदम वाढली. शाळेचे भाई मास्तर, जे दर वर्षी "मी फक्त सामाजिक एकोप्यासाठी येतो हं" असं सांगून तीन वेळा सागोती घ्यायचे, ते म्हणाले, "दृष्टांत झाला म्हणजे टाळू नये. उद्याच उरकून घ्या."

जानकीने कोंबा दिला, पण कसा? पायाला धरून, उलटा, भिकाजीच्या तोंडासमोर. "झील इलो की तेका काय वाढू? तुमचा सपान?"

भिकाजीने कोंबा घेतला. कोंबा त्याला टोचला, तोही बरोबर कपाळावर.

दुसऱ्या दिवशी भर बाराला आईनाखाली पानं मांडली गेली. वारा नव्हता. खाडीचं पाणी तव्यावरच्या तेलासारखं निपचित होतं, आणि एकही पाखरू ओरडत नव्हतं. पानं वाढून झाली, तेवढ्यात बाबली राखणदाराचं पान मुळाशी ठेवायला गेला आणि नाचत परत आला. झाडाच्या मुळात तांबड्या मुंग्यांनी घर केलं होतं. दोन त्याच्या धोतरात शिरल्या होत्या, आणि कुठवर गेल्या ते त्याच्या नाचावरून कळत होतं.

"थय ठेवचा नाय! हय ठेवतंय, पंगतीच्या टोकाक. राखणदाराक काय, चार पावला चलतली!"

"मुळाशीच ठेवूचा लागता," भिकाजी म्हणाला.

"मगे तू जा. तुझ्या धोतरात जागा आसा."

पान पंगतीच्या टोकाला राहिलं, खाडीकडच्या पायवाटेला लागून. भिकाजीला ते बरं वाटलं नाही. पण सगळ्यांनी डोळे मिटले होते, आणि सूर्य डोक्यावर आला होता. त्याने हात जोडले.

"बा राखणदारा म्हाराजा! दर्यार तुझी नजर, डोंगरार तुझो पाय. जा काय शिजला ता तुझा. तुका सांगल्याबिगर आमी घास घेवचंव नाय!"

"व्हय म्हाराजा!"

"भिकाजीच्या घरार नजर ठेव. तेच्या चुलीर ठेव. तेचो झील दर्यात आसा, तेका हात धरून घराक हाड!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळी त्याने आपलं घर पहिलं घेतलं होतं. मग मधे एकदा घेतलं. मग बाकीची आठ घरं, आणि शेवटी पुन्हा आपलं. गाऱ्हाणं एवढं लांबलं की भाई मास्तरांच्या पोटातून आवाज आला आणि त्यालाही दोघांनी "व्हय म्हाराजा" केलं. भिकाजीला मधेच वाटलं, की कोणीतरी अगदी जवळ आहे. श्वास ऐकू येतोय. काहीतरी मोडल्याचा बारीक आवाज आला, वाळकी काटकी मोडावी तसा.  पण डोळे उघडायचे नाहीत. त्याने डोळे आणखी घट्ट मिटले आणि शेवटचा शब्द संपवला.

"व्हय म्हाराजा!"

डोळे उघडले. पहिला ओरडला बाबली.

"पान!"

राखणदाराचं पान रिकामं होतं. वडे नाहीत, भात नाही. सागोतीचा थेंब नाही. हाडं चोखून एका कडेला नीट रचलेली.

"नळी फोडल्यानी हा," बाबली वाकून म्हणाला.  "कुत्रो नळी अशी फोडणा नाय. बघ, मधली मज्जा ओढून घेतल्यानी."

भाई मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "मी... मी पूर्वी जे काही म्हटलं असेन ते मागे घेतो," ते पानाकडे बघून म्हणाले, आणि हात जोडले.

बाबली एकदम खाली बसला आणि भिकाजीच्या पायांवर डोकं ठेवलं. "माफ कर रे बाबा. माका वाटला तू सपान खोटा सांगतंस. प्रत्यक्ष येवन जेवलो! तुझ्या तोंडात देव आसा, भिकाजी. तंगडी तुझीच. मरासर तुझीच."

 सपान खोटं होतं, हे भिकाजीइतकं कोणाला माहीत नव्हतं. मग जेवलं कोण? पाय हलवायला हवेत म्हणून तो पायवाटेने चार पावलं खाली गेला.

खाली झऱ्यावर कोणीतरी पाठमोरं बसून ओंजळीने पाणी पीत होतं. दाढी वाढलेली, सदरा फाटलेला, पायांना चिखल.

"सत्या?"

सत्यवान वळला. हसला. त्याच्या मिशीला सागोती लागली होती.

"बाबा! सुकाणू मोडला आमचा. वाहात वाहात रेडीक लागलंव. थयसून चलत इलंय, तीन दीस. काल सकाळपासून पोटात काय नाय." त्याने तोंड पुसलं. "आयेन माझ्यासाठी तांबडो कोंबो कापल्यान, ता पिसां बघूनच वळाखलंय मी. टोकाक एक पान मोकळा होता, राखणदाराचा तर मुळाशी आसता, मगे ह्या माझाच म्हणान बसलंय. तुमचा गाराणा काय सोपणा नाय! डोळे मिटून बसलास सगळे. म्हटला, पाणी पियान येतंय तोपर्यंत."

भिकाजीने त्याला पोटाशी धरलं. झील जिवंत होता, ऊन होता, घामाचा वास येत होता त्याला. भिकाजीचे हात मात्र गार पडले होते. राखणदाराचं पान, गाऱ्हाणं चालू असताना, त्याच्या नावाने शिजलेलं, उष्टं करून, वर हाडं रचून. परळात पाठवून भागेल असा हा गुन्हा नव्हता.

"काय झाला, बाबा?"

"काय नाय. तू घराक जा. मागच्या वाटेन. आवशीक भेट. हयसर इल्लंस, जेवलंस, ता कोणाक सांगा नको. आवशीकसुद्धा नको."

"कशाक?"

"सांगतंय ता आयक!"

सत्यवान गेला. माडांच्या मधून जाताना त्याला ठेच लागली, तोल गेला, सावरला. भिकाजी तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला.

वर पंगत जोरात चालली होती. बाबली वाढत होता, मास्तर तिसऱ्यांदा घेत होते. ज्या पंगतीला राखणदार स्वतः बसला, तिची भूक वेगळीच असते. भिकाजीचं पान तसंच वाढलेलं होतं, वर मानाची तंगडी. त्याने ते उचललं आणि झाडाच्या मुळाशी नेऊन ठेवलं. मुंग्या त्याच्या पायांवर चढल्या. त्याने पाय हलवले नाहीत. पंगतीकडे पाठ करून हात जोडले आणि हळू आवाजात सुरुवात केली, फक्त झाडाला ऐकू जाईल अशी.

"बा राखणदारा म्हाराजा. तुझा पान दुसऱ्यान खाल्ल्यान. पोर ता, उपाशी होता, तेका खबर नाय. नाव इसारलंय मी. सपान खोटा सांगलंय मी. पोराक सोड." पुढचे शब्द मात्र तीस वर्षांच्या सवयीने खणखणीत बाहेर पडले. "काय घेवचा आसात ता माझ्याकडसून घे. घेवचो तर माकाच घे रे म्हाराजा!"

मागे दहा माणसांनी, तोंडात वडे तसेच ठेवून, डोकी वरसुद्धा न करता, एका दमात गजर केला:

"व्हय म्हाराजा!"

भिकाजी हळूहळू वळला. सगळे जेवत होते. बाबलीने त्याच्या रिकाम्या जागेवर नवं पान मांडलं होतं आणि पळीभर सागोती धरून उभा होता.

"ये रे, बस," तो प्रेमाने म्हणाला. "जेवन घे."