दगूबाईच्या पोटातला मांडा

फुलवंताबाईने वाटीत कोमट तेल आणलं होतं. तिचा अंगठा शेजारणीच्या, दगूबाईच्या बेंबीकडे निघालाच होता, तेवढ्यात डॉक्टर रंजिताने तिचं मनगट धरलं.

"मावशी, पोट चोळू नका."

"गोळा सरकेल शे, बाई. रोज चोळस मी. बसी जाई."

रोज. रंजिताने मनगट सोडलं नाही. सोनोग्राफीत तिने कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर पाहिले होते. स्कॅननेही तेच सांगितलं. अपेंडिक्स वांग्याएवढं फुगलेलं, आत चिकट रस. पुस्तकात वाचलेली गाठ पहिल्यांदाच शहाद्याच्या तिच्या दवाखान्यात चालत आली होती. पण पोटात फुटली, तर तो रस आतड्याआतड्यांवर पेरला जाणार. मग निंदून निंदून तण संपायचं नाही.

दगूबाईच्या गावाला, ब्राह्मणपुरीत, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला तिच्याच हातचे, हातावर पसरून तापल्या खापरावर भाजलेले पुरणाचे मांडे लागत. जवळच्याच म्हसावदच्या, तीच अहिराणी बोलणाऱ्या रंजिताला तेच सुचलं.

"पुरन भरेल मांडा हातवर शे, अन् कोणी बोट लावं ते?"

"फाटी जाई," दगूबाईच म्हणाली. "वाटी ठेव व फुलवंता. काढ माय, फाटाना आधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी कमरेत सुई देऊन भूलतज्ज्ञ महावीरने तिचं खालचं अंग बधिर केलं. पडद्यापलीकडे दगूबाई टक्क जागी. ही गाठ छोट्या छिद्रातून ओढायची नव्हती. रंजिताने पोट ऐसपैस उघडलं.

आणि ती दिसली. निळसर, तुकतुकीत, श्वासासरशी डोलणारी. रंजिताच्या छातीत ढोल घुमू लागला. हात मात्र स्थिर.

पलीकडून गुणगुण आली, "खापर तापनं माय, मांडा हातवर झुले..."

"मोठी माय, पोट हालस. गप ऱ्हाय."

गाठीला चिमटा लावायचा नाही, ओढायचं नाही. भोवती ओलं कापड अंथरून तिने गाठ तळव्यावर तोलली, रक्तवाहिन्या बांधल्या, मोठ्या आतड्याचा जरासा काठ घेऊन मूळ कापलं आणि अख्खी गाठ अलगद पिशवीत उतरवली. मग पोटाचा कोपरान् कोपरा पाहिला. रसाचा थेंब कुठे नव्हता.

"फुटना का?"

"नही फुटना, माय."

महावीर मास्कआड हसला. रंजिताला वाटलं, आता नाचावं.

पंधरवड्याने तपासणीचा निकाल आला: हळू वाढणारी गाठ, कापलेला काठ साफ. अधूनमधून स्कॅन करत राहायचं, एवढंच. दगूबाईने ऐकून घेतलं, आणि रंजिताचे दोन्ही तळवे उलटसुलट करून पाहिले.

"हात चांगला शे तुन्हा. आखाजीले ये. खापर मी तापाडसू, मांडा तू कर."

"अन् फाटी गया ते?"

"फाटू दे. तो खावाना शे."