आभाळातला रेडिओ आणि लाल पाना

तो फोन जरा खाली ठेव. तुझ्या टर्की काही पळून चालल्या नाहीत. खुर्ची ओढ, कॉफी घे. तू या टेकड्यांमध्ये नवा आहेस म्हणून तुला मायलो स्कालकाची गोष्ट सांगतो. त्यानं गाडीत आभाळातला रेडिओ घेतला आणि त्या नादात सख्ख्या भावाला फाटकाशी ताटकळत ठेवलं, ती गोष्ट. ऐकून घे, मग तुझं तू ठरव फोन करायचा की नाही.

मायलोचा धंदा पवनचक्क्यांचा. इकडं कुरणात गुरांना पाणी पाजायचं तर पवनचक्कीशिवाय काही हलत नाही, आणि चक्की म्हटली की वर्षातून एकदा कुणालातरी मनोऱ्यावर चढून तेल बदलायला लागतं. ते काम त्याचा बाप करायचा. मग बाप आणि दोन पोरं, मायलो आणि डेल्मर. बाप गेला आणि पोरांनी रस्ता मधे धरून वाटणी केली. रस्त्याच्या वरच्या अंगाच्या चक्क्या मायलोच्या, खालच्या डेल्मरच्या. मायलोची बायको आधीच गेली होती आणि डेल्मरनं लग्नाच्या भानगडीत कधी पडायचंच नाही असं ठरवलेलं. दोघं दोन घरांत एकेकटे, आणि एकमेकांशी एक शब्द नाही.

का, ते सांगतो. बाप गेला त्या सकाळी मायलो लांब कुठंतरी मनोऱ्यावर होता. खाली उतरला, गाडीत बसला, डब्यातला कोलाचे, तो खसखस भरलेला गोड पाव, काढला आणि रेडिओ लावला. आपल्या गावच्या रेडिओवर दहाच्या बातम्यांनंतर व्हर्ना कोण कोण वारलं ते वाचते. तिनं नाव वाचलं, व्हेन्सेल स्कालका. मायलोच्या तोंडात घास तसाच राहिला. सख्खा बाप गेल्याचं त्याला व्हर्नाच्या तोंडून कळलं. पुरायच्या दिवशी तो डेल्मरला एवढंच म्हणाला की तुला मला सांगता आलं नाही. डेल्मर म्हणाला, सांगत होतो. झालं. त्यापुढं बोलणं नाही.

बोलणं नाही म्हणजे तोंडानं नाही. व्हर्नाचं मयतांचं वाचून झालं की अदलाबदल सुरू होते, ते तुला ठाऊकच आहे, त्यासाठीच तर तू फोन धरून बसला होतास. कुणाकडं जास्तीची कोंबडी, कुणाला जुनं कुलूप पाहिजे, कुणाचं कुत्रं हरवलंय. या दोघांनी त्यातून बोलायला सुरुवात केली. डेल्मर फोन करून सांगायचा, आमच्या कुंपणात काळं वासरू आलंय, डाव्या कानाला खाच आहे, मालकानं कुंपण नीट बांधायला शिकावं. दुसऱ्या दिवशी मायलोचा फोन. वासराचा मालक गुरुवारी येऊन वासरू घेऊन जाईल, त्या वेळी कुंपणवाल्यानं घरात बसावं. व्हर्ना तिकडून शांतपणे म्हणायची, बरं, लिहून घेतलं. नाव कुणीच घ्यायचं नाही. अख्खा तालुका ऐकायचा आणि अख्खा तालुका त्याबद्दल एक अक्षर काढायचा नाही. तो त्यांचा घरचा मामला. आपल्याकडं घरच्या मामल्यात कुणी नाक घालत नाही, एवढं तुझ्या लक्षात आलं असेलच.

तर या वसंतात मायलोची जुनी पिकअप बसली. कार्नी शहराच्या बाजूनं त्यानं दुसरी आणली, वापरलेलीच, पण पुढं हा एवढा पडदा आणि त्यात सॅटेलाइट रेडिओ. तीन महिने फुकट. आभाळातून थेट गाडीत. लूप नदीच्या पलीकडं जा, नाहीतर डोंगराच्या खोबणीत शिर, आवाज हलत नाही. शेडमध्ये गाडी घातली की तेवढा बंद पडतो, त्याला डोक्यावर आभाळ लागतं. म्हणून मायलो जेवायलासुद्धा गाडी अंगणात काढून बसायला लागला. चोवीस तास जुनी गाणी. मधे बोलणं नाही, गुरांचे भाव नाहीत, आणि सगळ्यात बरं म्हणजे त्या रेडिओत आपल्या ओळखीचं कुणी मरत नाही.

इथं, लोरीनच्या या हॉटेलात, तो सगळ्यांना सांगत सुटला. तुम्ही अजून त्या खरखरीत डब्यावर बसलाय, म्हणाला, मी आता अमेरिकेच्या दोन्ही टोकांपर्यंत ऐकतो. लोक म्हणाले, हो का. बरं. त्यातलं अर्धं त्यांना बढाई वाटलं आणि उरलेल्याकडं त्यांनी कान दिला नाही. गावचा रेडिओ त्यानं सोडलाच असेल, असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आपल्या भागात दहाची अदलाबदल न ऐकणारा माणूस असतो, हेच कुणाला सुचेना.

आणि खरं सांगू का, मायलोनं तो सोडला नव्हता. त्याला तो त्या पडद्यावर सापडतच नव्हता. जुन्या गाडीत गोल बटण होतं, फिरवलं की व्हर्ना. इथं नुसती चित्रं. दोन दिवस बोटं मारली, एकदा गाडीनं त्याला उलट विचारलं की कुणाला फोन लावू. त्यानंतर त्यानं हात लावायचा सोडला. पण हे कबूल कोण करणार? साठी उलटलेला माणूस, हवेत चाळीस फुटांवर लटकून काम करणारा, त्यानं म्हणायचं का, मला रेडिओ लावता येत नाही?

म्हणून एका शुक्रवारी डेल्मरनं रेडिओवर जे सांगितलं ते मायलो सोडून सगळ्यांनी ऐकलं.

डेल्मर म्हणाला, मंगळवारी कार्नीला जायला गाडी पाहिजे आणि चालवणारा पाहिजे. माणूस एक, पिशवी एक. येताना डोळ्यावर पट्टी असणार, त्यामुळं चालवणारा ओळखीचा असावा. बदल्यात छत्तीस इंची पाना मिळेल. जुना आहे, दांडा लाल रंगवलेला.

व्हर्ना म्हणाली, बरं, लिहून घेतलं. तो लाल पाना व्हेन्सेलचा. तो रंग म्हाताऱ्यानं स्वतः दिला होता, गवतात पडला तर दिसावा म्हणून. बाप गेल्यावर पाना डेल्मरकडं राहिला आणि मायलोनं तो कधी मागितला नाही. कार्नीला डोळ्यांचा दवाखाना आहे, त्यावरून डेल्मरला मोतीबिंदू झालाय हे लोकांना तेव्हाच कळलं. दोन्ही डोळ्यांना. वर्षभर तो मनोऱ्यावर चाचपडत चढत होता.

आता तूच सांग, ती जाहिरात कुणासाठी होती? शेंबड्या पोरालाही कळलं असतं. म्हणून दुसऱ्या कुणी फोन केला नाही. ज्यांच्याकडं दोन दोन गाड्या रिकाम्या उभ्या होत्या त्यांनीही केला नाही. भावानं भावाला हाक मारलीय, आपण मधे कशाला शिरायचं. सगळ्यांना मनातून बरंच वाटलं होतं. लोरीननं तर मंगळवारी सकाळी दोघांच्या वाटेसाठी म्हणून दालचिनीचे रोल बाजूला काढून ठेवले होते.

मंगळवारी डेल्मर पिशवी घेऊन फाटकाशी उभा राहिला. उजाडल्यापासून उभा होता म्हणतात. टपाल वाटणारी बाई तिथून गेली तेव्हाही उभाच होता. तिनं गाडी थांबवली, पण तो म्हणाला, माझी गाडी येतेय. ऊन चढल्यावर आत गेला. बुधवारी दहाला त्याचा फोन आला. पाना आता द्यायचा नाही. एवढंच बोलला आणि ठेवला.

त्या बुधवारी दुपारी मायलो लोरीनकडं जेवायला आला. पेट्रोल पंपावर माणसं त्याला बघून गप्प झाली होती. त्याला वाटलं, नव्या गाडीवर जळतायत. हॉटेलात शिरला तसं दोघांनी बिल मागितलं. त्याला वाटलं, घाई असेल. मग लोरीननं त्याच्यासमोर चिलीचा, म्हणजे खिमा-राजम्याच्या तिखट रश्शाचा, वाडगा ठेवला आणि निघून गेली.

मायलो वाडग्याकडं बघत बसला. आपल्याकडं चिलीबरोबर दालचिनीचा रोल येतो. शाळेत असल्यापासून येतो. रोल नाही असा चिलीचा वाडगा त्यानं जन्मात बघितला नव्हता.

त्यानं विचारलं, रोल संपले का. लोरीन म्हणाली नाहीत. मग मला का नाही. ती म्हणाली, मला तुझ्या घरच्या मामल्यात पडायचं नाही. तो म्हणाला, माझ्या घरात मी आणि एक मांजर, कसला मामला? तेव्हा तिनं हातातलं फडकं खाली ठेवलं आणि त्याच्याकडं नीट बघितलं.

"शुक्रवारी दहाला कुठं होतास?"

"गाडीत."

"रेडिओ चालू होता ना?"

"होता की. गाणी लागली होती."

लोरीनला मग उलगडा झाला. ती त्याच्यासमोर बसली आणि शुक्रवारचं, मंगळवारचं, आज सकाळचं, सगळं त्याला सांगितलं. आवाज न चढवता. मायलो ऐकत राहिला. चिलीवर साय धरली. शेवटी तो म्हणाला की त्याला माझ्या घरी फोन करता आला नसता का. त्यावर लोरीन काय म्हणाली ते तिनं पुढं मला जसंच्या तसं सांगितलं.

"व्हेन्सेल गेला त्या सकाळी डेल्मर माझ्याच फोनवरून तुला शोधत होता, बाबा. इथंच उभा होता, त्या काउंटरपाशी. जिथं जिथं तुझं काम होतं त्या प्रत्येक घरी लावला. तू वर होतास. मनोऱ्यावरच्या माणसाला फोन ऐकू येत नाही, ह्यात कुणाचा काय दोष?"

मायलो उठला. टोपी घातली, काढली, परत घातली. मग म्हणाला, मला त्या गाडीत व्हर्ना लावता येत नाही.

लोरीन एप्रन न सोडता बाहेर आली. पिकअपमध्ये बसली, पडद्याकडं बघितलं, कोपऱ्यातलं एक चित्र दाबलं, मग दुसरं. खरखर झाली आणि व्हर्ना मक्याचे भाव वाचायला लागली. लोरीन म्हणाली, झालं. मायलो म्हणाला, एवढंच होतं का. ती म्हणाली, एवढंच होतं, आणि आत जाऊन त्याच्यासाठी रोल घेऊन आली. त्यानं तो तिथंच, गाडीत बसून खाल्ला, मक्याचे भाव ऐकत.

त्याच दुपारी तो सरळ डेल्मरच्या दारात जाऊ शकला असता. मैलभराचा तर रस्ता. निघालाही होता म्हणतात. फाटकापर्यंत गेला, गाडी तिथं थोडा वेळ उभी राहिली, मग वळली. इतक्या वर्षांनी भावाच्या दारात उभं राहून पहिला शब्द कुठला काढायचा, ते त्याला सुचलं नसणार. मला तरी कुठं सुचलं असतं?

गुरुवारी दहाला मायलोचा फोन आला. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, इथंच बसून. तो म्हणाला, आमच्याकडं पिकअप आहे, शेजारची सीट रिकामी आहे. कार्नीला कधीही जाईल. पाना नको. शुक्रवारी जी जाहिरात होती ती गाडीवाल्याच्या कानापर्यंत आली नाही, रेडिओ दुसरीकडं लागला होता. चूक गाडीवाल्याची. व्हर्ना म्हणाली, लिहून घेतलं. मग तिनं विचारलं, आणखी काही? ते ती कधी कुणाला विचारत नाही. मायलो म्हणाला, ती जुनी चूक पण गाडीवाल्याचीच.



डेल्मरचा फोन त्या दिवशी आला नाही. शुक्रवारी आला नाही. लोकांना वाटलं, त्यानं रेडिओच बंद करून टाकला असेल. मायलो मात्र रोज दहाला तीच जाहिरात परत द्यायचा. रिकामी सीट, कार्नी, कधीही. व्हर्ना रोज नव्यानं लिहून घ्यायची. एकदा कुणीतरी परगावचा फोन करून म्हणाला की मला कार्नीला जायचंय, तर व्हर्नानं त्याला सांगितलं, ती सीट गेली. गेली नव्हती.

मग गेल्या आठवड्यात डेल्मर बोलला. त्या रिकाम्या सीटबद्दल चौकशी आहे, म्हणाला. डॉक्टरनं पुढचा मंगळवार दिलाय. पण सीटवर बसणाऱ्याला गाडीत आपल्या गावचाच रेडिओ लागेल, ते आभाळातलं चालणार नाही. आणि गाडीवाल्यानं वळणावर जरा हळू घ्यावं, लहानपणापासून घेत नाही. दुसऱ्या दिवशी मायलोचं उत्तर आलं. रेडिओ गावचा लावू. पण तो लूप नदीपर्यंतच ऐकू येतो, पुढं काय करायचं ते बसणाऱ्यानं सांगावं.

त्याला डेल्मरनं अजून उत्तर दिलेलं नाही.

तर उद्या तो मंगळवार. सकाळी निघतील. दहाच्या सुमाराला नदीच्या अलीकडच्या चढावर असतील, गावचा रेडिओ अजून खरखरत असेल आणि मोबाइलला तिथं बरी रेंज मिळते. मला ते दोघं पक्के ठाऊक आहेत. एका गाडीत मांडीला मांडी लावून बसतील आणि दोघांतल्या एकालाही तोंड उघडता येणार नाही. काही बोलायचंच झालं तर डेल्मर खिशातून फोन काढेल आणि व्हर्नाला लावेल. मायलो ते गाडीतल्या रेडिओवर ऐकेल. नदी ओलांडली की तेही गेलं. मग कार्नीपर्यंत दोघं, आणि आभाळातली गाणी.

आजची अदलाबदल तर गोष्टीतच संपली, आणि व्हर्नाकडं लाइन एकच आहे. तेव्हा उद्या दहाला तेवढी मोकळी ठेव, बाबा. टर्कीचं परवा सांग.