मशीनचं पाणी

त्या घरात ‘मशीन’ हा शब्द दोन वर्षं एकाच वस्तूसाठी वापरला जात होता. वडिलांच्या खाटेशेजारी गुडघाभर उंचीचं एक पांढरं यंत्र होतं. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणं हे त्याचं काम. ‘मशीन चालू आहे ना?’, ‘मशीनची जाळी धुतलीस का?’, ‘मशीनमध्ये पाणी बघ रे,’ असं थोरली मुलगी कामावरून फोन करून विचारायची आणि घरी असलेला धाकटा हो हो म्हणायचा. यंत्रातून येणारी हवा कोरडी असते, ती नाकाला टोचते. म्हणून तिच्या वाटेत प्लास्टिकची एक बाटली बसवली होती आणि बाटलीत डिस्टिल्ड वॉटर. ऑक्सिजन त्यातून बुडबुडत वर येई आणि लांब नळीने वडिलांच्या नाकापर्यंत जाई.

धाकटा घरूनच काम करायचा. न बांधलेल्या इमारती बांधून झाल्यासारख्या दिसतील अशी चित्रं तो संगणकावर तयार करी. एकेक चित्र पक्कं होईपर्यंत संगणक तापत राही आणि त्याचे पंखे असे ओरडत की भिंतीपलीकडे वडिलांचा डोळा लागत नसे.

“विमान उतरलं की सांग,” ते पलीकडून म्हणत. “मलाही उतरायचंय.”

त्यांना झोप मिळेना आणि झोप नाही म्हणून दम वाढे. डॉक्टरांनी बजावलं होतं, या फुप्फुसांना आता आणखी त्रास परवडणार नाही. तेव्हा धाकट्याने ठरवलं की नवा संगणक पाण्याने थंड होणारा करायचा, आवाज न करणारा, आणि तो स्वतः जोडायचा.

सामान खोक्यांतून आलं आणि जेवायचं टेबल महिनाभर जेवणाला पारखं झालं. चिपवर बसवायचे तांब्याचे ठोकळे, छोटा पंप, काचेसारखी पारदर्शक टाकी, वहीएवढा रेडिएटर. पंपाने पाणी ढकलायचं, ठोकळ्यांतून जाताना त्याने उष्णता घ्यायची आणि रेडिएटरमध्ये ती टाकून परत यायचं. कडक नळ्या गरम हवेने मऊ करून वाकवाव्या लागत. पहिल्या तीन वाकड्या झाल्या.

वडिलांची नळी बाहेरच्या खोलीपर्यंत पुरायची. ती मागे ओढत ते येऊन खुर्चीवर बसत. आयुष्यभर त्यांनी बस चालवली होती.

“म्हणजे विजेच्या पेटीत पाणी खेळवणार तू?”

“नळ्यांतून, बाबा. बाहेर थेंब येणार नाही.”

“कोल्हा आणि कोंबडी एका खुराड्यात ठेवायची आणि म्हणायचं, मध्ये जाळी आहे.”

“बसमध्ये नव्हतं का पाणी?”

“होतं ना. चढावर थांबून आधी रेडिएटरला पाजायचो, मग स्वतः प्यायचो. पण बस अंगणात उभी असायची. माझ्या उशाशी नाही.”

एकदा ताईचा दुपारी फोन आला. ती दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची.

“मशीन कसं आहे?”

“झकास. एक नळी काढलीय, दुसरी वाकवतोय.”

“नळी काढलीस? बाबा कुठायत?”

“अगं, हे माझं मशीन.”

“मेल्या! जीव गेला असता माझा. मी आपल्या मशीनचं विचारतेय.”

त्याच्या धंद्यात सगळे संगणकाला मशीनच म्हणत. वडिलांना ही गोष्ट कळली तेव्हा ते हसले, हसताना खोकले आणि खोकला थांबल्यावर ऑक्सिजनच्या यंत्राला थोपटून म्हणाले, “बाई, तुला सवत आली.” आठवडाभर हा विनोद घरात चालला. त्यापुढे कोणी विचार केला नाही.

रेडिएटर आतून धुवायचा असतो, कारखान्यातला कचरा त्यात राहिलेला असतो. त्यासाठी धाकट्याने डिस्टिल्ड वॉटर आणलं. वडिलांचं पाणी ज्या दुकानातून येई त्याच दुकानातून आणि तसल्याच पांढऱ्या पाच लिटरच्या कॅनमधून. धुण्यात एक कॅन संपला. संगणकात घालायचं कूलंट, म्हणजे उष्णता वाहून नेणारं गोडसर रसायन, घट्ट स्वरूपात छोट्या बाटलीत आलं होतं, ते पाण्यात मिसळायचं होतं. त्याने ते रिकाम्या कॅनमध्येच मिसळलं. पुढेमागे लागेल म्हणून जास्तीचं केलं. रंगीत कूलंटचा गाळ बसतो असं वाचून त्याने बिनरंगी निवडलं होतं. दिसायला निव्वळ पाणी, पण जांभळ्या किरणांच्या टॉर्चखाली निळं चमकणारं. गळती शोधण्यासाठी तसा बोटाएवढा टॉर्च बाटलीसोबत आला होता.

ताईने स्वयंपाकघरात दोन कॅन शेजारी शेजारी पाहिले.

“हे दोन्ही सारखेच दिसतायत. लिहून ठेव रे एकावर, नाहीतर घोळ होईल.”

धाकटा लगेच उठला. आपल्या कॅनला पांढरी चिकटपट्टी लावली आणि मार्करने ठळक अक्षरांत लिहिलं: मशीनसाठी.

“लिहिलंस?” ताईने आतून विचारलं. ती वडिलांच्या उशीचा अभ्रा बदलत होती.

“लिहिलं.”

मग गळतीची तपासणी झाली. बाकी सगळ्याची वीज तोडून फक्त पंप चालवायचा आणि प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवायचा. धाकटा दिवसभर त्या पेटीजवळ मांडी घालून बसला. एकेक कागद उचलून उजेडात धरी, गालाला लावून पाही. सगळे कोरडे. ताई येताजाता विचारी, “गळतंय?” आणि तो मान हलवी. त्या घरात पाण्याच्या एकेका थेंबावर इतकी नजर कधी ठेवली गेली नव्हती.

संगणक चालू झाला तेव्हा तो चालू आहे हे दिव्यावरूनच कळलं. त्या संध्याकाळी चित्र पक्कं होत असताना वडील पलीकडे गाढ झोपले. ताईने दारातून पाहिलं आणि धाकट्याच्या डोक्यावर टपली मारली. “जिंकलास.”

शांततेत खोकला ऐकू येऊ लागला, तो त्यानंतर.

धाकट्याला वाटलं, हा आधीपासूनच असणार, पंख्यांच्या आवाजात बुडत असेल. तो ताईलाही तसंच म्हणाला. ताईला ते पटलं नाही.

“बाटलीत फेस येतोय रे. पाणी बदललं तरी येतोय.”

“साबण राहिला असेल. नीट खळबळून घे.”

“घेतली. दोनदा.”

“पाणी कुठलं?”

“आपलंच की. नवीन कॅन काढलाय.”

नवीन म्हटल्यावर धाकट्याने पुढे काही विचारलं नाही. सर्व्हिसवाल्याला फोन करतो म्हणाला. सर्व्हिसवाला सोमवारी येणार होता.

“तोंड गोड गोड लागतंय,” वडील जेवताना म्हणाले. अर्धंच जेवले. “हल्ली औषधांत साखर घालतात की काय?”

“तुमच्या बोलण्यात उतरली तर बरं होईल,” ताई म्हणाली. पण तिने त्यांच्या पाठीवरचा हात बराच वेळ काढला नाही. श्वास घेताना पाठ आत ओढली जात होती.

रविवारी दुपारी धाकट्याला दिसलं की संगणकाच्या टाकीतली पातळी बोटभर खाली गेलीय. त्यात घाबरण्यासारखं नव्हतं. नळ्यांत अडकलेली हवा हळूहळू सुटते आणि पातळी उतरते. भर घालायची असते, एवढंच. तो स्वयंपाकघरात गेला. त्याचा कॅन जवळजवळ भरलेला असायला हवा होता, म्हणून त्याने तो बेताने, दोन्ही हातांनी उचलला. कॅन झटकन वर आला. निम्म्याहून कमी होता.

त्याने पहिल्यांदा खाली फरशी पाहिली. फरशी कोरडी होती. मग त्याची नजर पट्टीवर गेली. अक्षर त्याचंच होतं. भिंतीपलीकडे वडील खोकले, आणि त्याने तो शब्द ताईच्या डोळ्यांनी वाचला.

शेजारी दुसरा कॅन होता. त्याचं सील अजून फोडलेलं नव्हतं.

वडिलांच्या खोलीत दुपारचे पडदे ओढलेले होते. यंत्र घरघरत होतं, बाटली बुडबुडत होती. धाकट्याने टॉर्च तिच्यावर धरला. बाटली निळी झाली. फेससुद्धा निळा. त्याने टॉर्च नळीवरून पुढे नेला. आत बारीक थेंब साचले होते, ते एकेक करून पेटत गेले. खाटेच्या कडेवरून, चादरीवरून, गालावरून, नाकपुडीपर्यंत.

गळती सापडली होती.

“हे काय निळं?” ताई दारात उभी होती.

त्याने नळी बाटलीवरून उपटली आणि सरळ यंत्राच्या तोंडाला लावली. ती दोनदा निसटली. “ताई, पाणी कुठल्या कॅनमधून घातलंस?”

“मशीनच्या. तूच तर लिहिलंयस.”

ताईने बाटलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि तिचा हात दाराच्या चौकटीवर गेला.

फोनवर डॉक्टरांनी कूलंटच्या बाटलीवरचं सगळं वाचून दाखवायला सांगितलं. तो वाचत गेला. निम्म्यावरच त्यांनी थांबवलं. “रुग्णवाहिका बोलवा. आत्ता.”

ती आली. रुग्णवाहिकेतल्या दोघांनी वडिलांना खुर्चीत बसवून उचललं, मांडीवर छोटा सिलिंडर दिला. ओठ करडे पडले होते. बाहेरच्या खोलीतून जाताना त्यांनी संगणकाकडे बोट केलं. आत निळसर दिव्यात पाणी निमूट फिरत होतं.

“आयुष्यभर... रेडिएटरला... पाजलं,” ते मधेमधे थांबत म्हणाले. “शेवटी मलाच... रेडिएटर केलंस की.”

हसायला गेले, पण हसू आलं नाही. फक्त छातीतून ओला, खरखरीत आवाज आला. तो जिन्यावरून खाली उतरत जाईपर्यंत धाकट्याला ऐकू येत राहिला.

ताई मागे धावली. पहिल्या वळणावरून तिने ओरडून सांगितलं, “मशीन बंद कर आणि ये लवकर!”

धाकटा दोन खोल्यांच्या मध्ये उभा होता. एका बाजूला यंत्र रिकाम्या खाटेवर ऑक्सिजन सोडत होतं, दुसऱ्या बाजूला पंप चालू होता.

“कुठलं?” त्याने विचारलं.

खालून रुग्णवाहिकेचं दार लागल्याचा आवाज तेवढा आला.