तारेची पायरी

पुरस्काराचं पत्र आलं तेव्हा समारंभाला बत्तीस दिवस होते. पत्रात अभिनंदनाखाली एक विनंती होती: ज्या काचेच्या सेलमध्ये, म्हणजे भांड्यात, मूळ प्रयोग झाला, तो सभागृहात पेटीत मांडण्यासाठी पाठवावा. विद्युत-रसायनशास्त्रातल्या संशोधनासाठीचा हा पुरस्कार दोन वर्षांतून एकदा, एकालाच मिळतो. या वेळी तो पुन्हाबाईंना मिळाला होता.

हे नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. कुणी कितीही चांगला आकडा आणून दाखवला तरी त्या आधी ‘छान’ म्हणत आणि मग ‘पुन्हा कर’.

त्यांचं काम थोडक्यात असं. आम्ल मिसळलेल्या पाण्यातून वीज सोडली की हायड्रोजन सुटतो. तो सहज सुटावा म्हणून प्लॅटिनम वापरतात, आणि प्लॅटिनम परवडत नाही. बाईंनी लोखंड आणि कोळशापासून एक काळी पूड तयार केली. ती प्लॅटिनमशिवाय आठशे तास चालली, आणि थकण्याऐवजी दिवसेंदिवस सुधारत गेली. मानपत्राच्या मसुद्यात नेमकं तेच वाक्य होतं: ‘वापराने झिजण्याऐवजी वापराने सुधारणारा पदार्थ.’ बाईंच्या आईने ते वाक्य शेजारच्या तीन घरांत पाठ म्हणून दाखवलं होतं. आई चाळीस वर्षं शिवणकाम केलेली. समारंभासाठी तिने मुलीचा कोट बेतायला घेतला होता.

नवव्या दिवशी बाईंनी सेल साफ करायला तळमजल्यावर काचमामांकडे दिला. प्रयोगशाळेतली काचेची प्रत्येक वस्तू मामांनी फुगवलेली होती. बाई विद्यार्थिनी असल्यापासून ते त्यांना ओळखत. चारचौघांत ‘तुम्ही’ म्हणत, काचेच्या खोलीत ‘तू’.

दुपारी मामांचा निरोप आला. बाई खाली गेल्या.

“ही तार कुणी बदलली?” मामांनी विचारलं.

“कुणी नाही. तुम्हीच बसवलेली आहे.”

“मग बारीक कशी झाली? मी इतकी वर्षं प्रयत्न करतोय, मला जमत नाही.”

सेलमध्ये दोन टोकं असतात. एकावर बाईंची पूड, समोरच्या टोकाला प्लॅटिनमची तार. मामांनी भट्टीवर जोड मऊ करून तार अख्खी बाहेर काढली होती. त्यांनी ती बाईंच्या हातात दिली.

“जिथं काचेत होती तिथून नख फिरव.”

बाईंनी नख फिरवलं. काच संपत होती त्या जागी नख अडलं. अगदी छोटी पायरी होती. मामांनी जाडी मोजायचं स्क्रूगेज पुढे केलं. काचेत झाकलेला भाग पन्नास शतांश मिलिमीटर. पाण्यात बुडलेला भाग सत्तेचाळीस.

बाईंनी तीनदा मोजलं. तीनदा होणार हे मामांना ठाऊक होतं.

“मग तीन शतांश गेली कुठं?”

“समोर,” बाई म्हणाल्या. “माझ्या पुडीवर जाऊन बसली.”

तार कणाकणाने विरघळते, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. म्हणूनच दोन-दोन तासांच्या चाचण्यांत त्यांनी तारेऐवजी कार्बनची कांडी लावली होती, आणि त्या चाचण्या चोख होत्या. पण कांडी आठवडाभरात झिजते, पाणी काळं करते. म्हणून लांब चाचणीत तार ठेवली, आणि नंतर ती ठेवल्याचा विचार कुणीच केला नाही. पूड सुधारत नव्हती. तिच्यावर प्लॅटिनमचा मुलामा चढत होता.

“ती का सुधारते, यावर मी दोन वर्षं डोकं फोडलं, मामा. तीन लेख लिहिले.”

“काखेत कळसा.”

“आणि बसवलेला तुम्ही.”

मामा हसले. “मी कुणाला बोललो नाही. तू सांगेस्तोवर बोलणारही नाही.”

“पुन्हा करून बघायला लागेल.”

“ते कळलं होतं मला. मधे पडदा असलेला दुसरा सेल सकाळीच फुगवायला घेतलाय.”

दोन दिवसांनी नवा सेल आला. एका दालनात पूड, दुसऱ्यात कांडी, मधे पडदा. बाई दर दिवसाआड कांडी बदलत. पाच दिवस पुडीच्या कामगिरीचा आकडा एका जागी राहिला. सहाव्या दिवशी उतरू लागला आणि उतरतच राहिला. दरम्यान जुन्या पुडीची तपासणी होऊन आली होती. तिच्यात प्लॅटिनम होतं. बाराव्या दिवशी बाईंनी यंत्र बंद केलं आणि त्या विभागप्रमुखांकडे गेल्या. समारंभाला नऊ दिवस होते.

विभागप्रमुखांनी जुन्या आणि नव्या चाचणीचे आलेख शेजारी ठेवून पाहिले. चष्मा काढून पुसला.

“तुम्ही फसवलेलं नाही,” ते म्हणाले. “चूक आहे. प्रामाणिक चूक. दुरुस्ती छापू की. पण समारंभ होऊ दे. महिन्याने छापली तर आभाळ कोसळत नाही.”

“सर, मानपत्रात तेच वाक्य आहे. ते वाचत असताना मी व्यासपीठावर उभी राहून काय करू?”

“सगळे करतात तेच. खाली बघायचं. लोकांना तो विनय वाटतो.”

बाईंना हसू आलं. सरांनाही आलं, पण त्यांनी आलेख परत दिले नाहीत. आणखी थोडा वेळ बघत राहिले. “पूड तरी बरी आहे का हो?”

“बरी आहे. चांगल्यातली आहे. पुरस्काराइतकी नाही.”

“मग फोन करा,” सर म्हणाले. “मी इथंच बसतो.”

समितीच्या कार्यवाह बाई कोरड्या आवाजाच्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तारखा विचारल्या, आकडे दोनदा म्हणवून घेतले.

“आमच्या नियमांत पुरस्कार काढून घेण्याची पद्धत आहे,” त्या म्हणाल्या. “विजेत्याने आधीच नको म्हणण्याची नाही. समितीला विचारावं लागेल. लेखी पाठवा.”

“आजच पाठवते.”

“आणि तो सेल?”

“तो मोडला. तार बाहेर काढावी लागली.”

“तार आहे ना?” त्यांनी विचारलं. “मी स्वतः अकरा वर्षं अशी तार वापरलीय. कधी मोजली नाही. ती जपून ठेवा.”

चार दिवसांनी समितीचं दोन ओळींचं पत्र आलं. विनंती मान्य. या खेपेला पुरस्कार कुणालाच नाही.

त्या संध्याकाळी बाई घरी गेल्या तेव्हा आई कोटाला काज करत बसली होती. बाईंनी उभ्यानेच सगळं सांगितलं. आईने सुई कापडात टोचून ठेवली.

“म्हणजे दुसऱ्याच्या कष्टावर तुझी पूड मिरवत होती.”

“तसंच काहीसं.”

“आणि हे तुला बाहेरच्या कुणी सांगितलं नाही. तूच जाऊन सांगितलंस.”

“आधी मामांना दिसलं.”

“मामांना डोळे आहेत.” आईने कोट मांडीवर सारखा केला. “माप चुकलं तर गिऱ्हाइकाला अंगात घालून पाठवायचं नसतं. उसवायचं. मला तीन घरं परत फिरायला लागणार, तेवढं जड जाईल.”

“मी येते बरोबर.”

“काही नको. तू बोलायला लागलीस तर आणखी तासभर जाईल.” आईने सुई पुन्हा उचलली. “हाही उसवू का?”

“नको. थंडी तर पडणारच आहे.”

“आतला खिसा भाषणाच्या कागदासाठी ठेवला होता. आता त्यात काय घालणार?”

बाईंनी पर्समधून स्क्रूगेज काढलं. प्रयोगशाळेतल्या बाकीच्या तारा मोजायला मामांनी सकाळी दिलं होतं, काम झालं की परत आणून दे असं बजावून. त्यांनी ते खिशात घालून पाहिलं. निम्मं बाहेर राहिलं.

“दोन बोटं खोल हवा,” आई म्हणाली आणि खिसा उसवायला लागली.